न झालेल्या लग्नाच्या शुभेच्छा

८ डिसेंबर, रविवार

पूर्ण इनिंग! मधे कोणी माइक काढून घेतला नाही!

आत्तापर्यंत कॉमेंट्री करताना समीरदादा मला दोन बॉल बोलायला माइक द्यायचा आणि परत घ्यायचा. आज एरंजाडची बॅटिंग सुरू झाली आणि तो सरळ स्टेजवरून खाली उतरून चहा प्यायला गेला. मागे वळून बघितलं पण नाही. मी, माइक आणि समोर सगळं मैदान. पहिल्या ओव्हरलाच फिल्डरचं नाव चुकलं. दुसऱ्या ओव्हरपासून मात्र सुटलेच!

मोबाइलवरच्या लाईव्हखाली एकाने लिहिलं – "ये कौन बाई है, समीर को बुलाओ." दुसऱ्याने लिहिलं – "बोलू दे रे, मस्त बोलते." त्या दुसऱ्याला देव सुखी ठेवो.

बाबा नेहमीसारखे साउंडवाल्याच्या बाजूला हाताची घडी घालून उभे. अंबरनाथच्या कंपनीत सेकंड शिफ्ट होती, ती बदलून घेतली. एक मॅच चुकवत नाहीत. घरी येताना गाडीवर एवढंच बोलले, "पोरी, आवाज पार नदीपावेतो गेला." झालं. माझं पोट भरलं.

१२ डिसेंबर

कॅम्प तीनच्या कारखान्यात दिवसभर जीन्स चेक करत होते. धागा काढ, बटन ओढून बघ, पुढची घे. तोंड चालूच – "आणि हा धागा निघाला, सरळ सीमारेषेपलीकडे!" मालक जितेशभाई काउंटरवरून ओरडले, "अरे कीर्ती, रेडिओ बंद कर, पार्टी आयी है!" पार्टी हसायला लागली. ऑर्डर देऊन गेली.

इतकी मशिनं एकदम चालतात तिथे, त्यांच्या वर आवाज काढून काढून माझा घसा तयार झालाय. दादाने पहिल्यांदा मला ऐकलं तेव्हा विचारलेलं – गाणं शिकलीस का? म्हटलं, नाही, जीन्स.

२२ डिसेंबर, रविवार

आज मॅच नव्हती, म्हणून मांजर्लीला दादाच्या घरी. मोबाइलवर मॅच दाखवणाऱ्या त्या कंपनीची योजना आहे ना – ज्यांच्या घरातलं आजवर कोणी या धंद्यात गेलं नाही अशा मुलामुलींना समालोचक बनवायचं – त्यात माझं नाव दादानेच घातलं. तोच माझा मेंटॉर. कंपनीचे सगळे निरोप त्याच्याकडेच येतात. निवड झाली तर तीन महिने बंगळुरूच्या स्टुडिओत राहायचं, महिला लीगची मराठी कॉमेंट्री करायची. बंगळुरू! मी कल्याणच्या पुढे एकटी गेलेली नाही.

सरावाला मी "नाही-नाही" करत शुद्ध बोलायला लागले तर दादा चिडला.

"खरवईची आहेस ना? मग 'नाय' येतं तर 'नाय' बोल. लोकांना शाळेतल्या बाई नकोत. फक्त खेळाडूचं नाव आधी घे. आणि बॉल कुठे गेला ते सांगू नको, तो त्यांना दिसतो. जे दिसत नाही ते सांग."

"काय दिसत नाही?"

"बॉलर घाबरलाय ते."

आणखी एक सांगितलं. घरात कोणी मेलं असेल तरी ऐकणाऱ्याला आवाजातून कळता कामा नये. वहिनी आतून ओरडल्या, "जेवायच्या वेळी काय मरणाचं बोलताय!" मग भाकरी आणि सुकट. दोन वेळा वाढून घेतलं.

माझ्या सख्ख्या भावाने पण एवढं केलं नसतं. सख्खा भाऊ नाहीच म्हणा मला.

५ जानेवारी, रविवार

अंधेरीला निवड चाचणी. बाबा सोबत. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज बंद केलेली मॅच लावली, म्हणाले बोला. समोर वृंदा मॅडम – कंपनीत निवडीचं काम त्याच बघतात. बॅटिंगला आलेली मुलगी दर बॉलला हातमोजे काढघाल करत होती. मी बोलले, "हिला घरी गॅस चालू राहिलाय असं वाटतंय, चित्त हितं नाय." मॅडम खो-खो हसल्या. लगेच तोंडावर हात.

समीरदादाचा भाचा शौनक पण होता. अंबरनाथला मोठ्या सोसायटीत राहतो, त्याचे पप्पा कारखान्यात साहेब. आवाज रेडिओसारखा गोड. चांगला मुलगा आहे, बाहेर मला पाण्याची बाटली दिली. पण त्याच्या घरात कोणी या धंद्यात नाही म्हणजे काय? मामा कोण मग?

जाऊ दे. ते कंपनी बघेल.

१४ जानेवारी

तिळगूळ. निकालाचा फोन नाही.

१९ जानेवारी, रविवार

दादा मॅचनंतर म्हणाला, "कीर्ती, ते बंगळुरूचं नाही झालं." माइकची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी परत सोडून परत गुंडाळली.

मी म्हटलं, "कुठे कमी पडले?"

"कमी नाही पडलीस."

"मग?"

"असतं असं कधीकधी."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, त्याला माझ्याहून जास्त लागलंय. उलट मीच म्हटलं, दादा टेन्शन नको घेऊ.

२० जानेवारी

नुसतं रडले. आईला सांगितलं डोळ्यात जीन्सचा निळा रंग गेला.

२४ जानेवारी

शौनक जातोय बंगळुरूला. मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. मन मोठं करायचं ठरवलं. त्याच्या आईने पेढे घेतले, प्लेट धुऊन परत दिली. शौनक म्हणाला, "तू असायला हवी होतीस. मी तर वेटिंगला होतो." चांगुलपणाने बोलला असेल असं वाटलं.

२ फेब्रुवारी, रविवार



अंबरनाथला मुलींची टूर्नामेंट. मी एकटीच माइकवर, दादा कर्जतला दुसऱ्या टूर्नामेंटला. पाहुण्या म्हणून वृंदा मॅडम आल्या. दोन ओव्हरच्या मधे स्टेजवर चढल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"अगं अभिनंदन! लग्न कसं झालं?"

मला वाटलं दुसऱ्या कोणाशी बोलतायत. मागे बघितलं.

"कोणाचं लग्न, मॅडम?"

"तुझं! मेहंदी पण उतरली इतक्यात?" हसत होत्या. मग माझ्या गळ्याकडे बघितलं आणि हसू हळूहळू गेलं. "समीर म्हणाले, तुझं लग्न ठरलंय, तारीख नेमकी त्याच दिवसांत आली. म्हणून तू नाही म्हणालीस. कीर्ती, पहिलं नाव तुझंच होतं."

खालून बॉलरने रनअप घेतला. मी माइक उचलला.

त्या ओव्हरला काय बोलले ते मला खरंच आठवत नाही. आत्ता लाईव्ह परत लावून बघितलं. आवाज हसरा आहे! हसरा! एक चूक नाही, नाव आधी, सगळं त्याने शिकवलं तसं. अंगावर काटा आला स्वतःचाच आवाज ऐकून.

मॅच संपल्यावर मॅडमना सांगितलं – लग्न नाही, काही नाही, मला कोणी विचारलंच नाही.  मग म्हणाल्या, "करार झालेत सगळे. या मोसमात काही करता येणार नाही गं. तुझा नंबर पण नाही आमच्याकडे, सगळं मेंटॉरमार्फत होतं." स्वतःचा नंबर मला दिला.

गाडीवर बाबांना सगळं सांगितलं. गाडी जरा हलली. मग बोलले, "आसल त्याचा कायतरी कारन."

कारण! माझ्या बाजूने एक शिवी घातली असती तर काय बिघडलं असतं?

३ फेब्रुवारी

कामावर दांडी मारून मांजर्लीला गेले. चप्पल पण काढली नाही.

"दादा, माझं लग्न लावलंस ते कोणाशी? नाव तरी सांग, नवरा आहे माझा!"

वहिनी आत निघून गेल्या. दादा उभा राहिला, परत बसला.

"मॅडम भेटल्या?"

"भेटल्या. आहेर आणला नाही, राहिला बोलल्या."

"कीर्ती, बस आधी."

"तुझ्या घरात नाही बसत. शौनकसाठी केलंस ना? भाचा तुझा. मग मला कशाला शिकवलंस? कंपनीला दाखवायला, की बघा, गावातली पोरगी पण आणली?"

तो 'हो' बोलला नाही. 'नाही' पण बोलला नाही.  शेवटी म्हणाला, "मीच फोन केला मॅडमना. मीच बोललो. तुला जे बोलायचं ते बोल."

बोलले. इथे लिहिणार नाही असं बोलले. तो ऐकत बसला. भांडला असता तर बरं वाटलं असतं!

५ फेब्रुवारी

आई म्हणते जेव. कसं जेवू.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा आणि मी एकाच टूर्नामेंटला. ती भरवणारे महेंद्रशेठ – त्यांना म्हटलं, मी दादाच्या शेजारी बसणार नाही. शेठ म्हणाले, "ज्यानं तुला उभी केली त्याच्याशी असं?" शेवटी एक इनिंग त्याची, एक माझी.

माझ्या इनिंगला तो खाली खुर्चीवर. मी घाईत बोलायला लागले की सवयीने त्याचा हात वर – सावकाश, सावकाश. आणि मी सावकाश झाले! माझी जीभ अजून त्याचंच ऐकते. एवढा राग कधी कोणाचा आला नाही.

माझ्या तोंडात माझं काय आहे? सगळं त्याचंच. तो निघून गेला तरी त्याचंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सोडलं नाही.

पिंपळोलीचा बॅट्समन रनआउट झाला. पार्टनरने त्याला न विचारता कॉल दिला आणि स्वतः क्रीजमध्ये उभा. स्टेजखाली दादा होता. मी माइकवर बोलले, "बघा मंडळी! काही माणसं दुसऱ्याची विकेट परस्पर देऊन टाकतात, त्याला न विचारता! आणि असल्या माणसाला आपल्याकडे काय म्हणतात माहितीय का? मेंटॉर!"

मैदान हसलं. ज्यांना माहीत होतं ते दादाकडे बघून हसले. तो पण हसला, थोडंसं. मग उठून गेला.

बाबा साउंडवाल्याच्या बाजूला उभे. ते हसले नाहीत.

१९ फेब्रुवारी

क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरतेय. जितेशभाईंनी पण दाखवली – "क्या बोली रे तू!" कोणीतरी खाली सगळी गोष्ट लिहून टाकली, लग्नाची, भाच्याची. लोक दादाला नको नको ते बोलतायत. शिवरात्रीच्या टूर्नामेंटमधून त्याचं नाव काढलं, माझं घातलं. इतकी वर्षं ती टूर्नामेंट त्याच्याच आवाजात सुरू व्हायची.

मला वाटलं होतं, असं झालं की बरं वाटेल. चांगलं वाटतंय. वाटतंय थोडं.

त्याने अजून कुठे एक शब्द लिहिला नाही. फोन पण नाही. वहिनी भाजीला भेटल्या, रस्ता बदलून गेल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी गाडी मधेच बाजूला घेतली. हेल्मेट काढलं नाही. "पोरी, समीरला बोलायचा थांबव. मीच त्याच्या पाया परलो. त्याला म्हटला, तिला लांब पाठवू नको, काय पन कारन सांग, पन माझा नाव नको घेऊ. हितं मी उभा असतो. तितं तुझ्या बाजूला कोन उभा रानार? तुला नको बोलायला मना तोंड नाय झाला."

म्हणजे एवढं सगळं ऐकून घेतलं त्याने, आणि बाबांचं नाव घेतलं नाही. उद्या मांजर्लीला जाईन. माफी मागेन, माइकवर बोलले ते माइकवर परत घेईन. पण दादा, बाबा – दोघं मिळून माझं ठरवून मोकळे झालात. मी तिथेच होते ना!

वृंदा मॅडमना मेसेज टाकला – पुढच्या मोसमाला येणार. फोन मलाच करा.