तिकीट रद्द कर

उधना, सुरत
श्रावणातला शेवटचा शुक्रवार

प्रिय जयश्री,

घरात प्रत्येकाच्या खिशात फोन असताना ही बाई वहीची पानं फाडून काय लिहीत बसलीय, असं तुला वाटेल. पण आपल्या घरात फोन कानाला लावून कुणी बोलतं का? स्पीकर लावायचा, मध्ये ठेवायचा आणि चौघांनी एकदम ओरडायचं. मला तुझ्यावर रागवायचंय, आणि ते चौघांच्या देखत जमत नाही. मानसीला सांगितलंय, पानांचे फोटो काढून काकूंना पाठव, पण वाचू नकोस. वाचणारच ती. वाचू दे. सासूला राग येतो हे सुनेला कधीतरी कळायला हवं.

काल हर्षल सचिन वसाहतीतून कामावरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, काकूचं तिकीट झालं, मंगळवारचं. मग हसून, अर्धं गुजरातीत, त्याच्या सवयीप्रमाणे, बघ मम्मी, बोललो होतो ना, काकू तो आवी जशे, येणारच काकू. सगळ्यांचे चेहरे खुलले. आमच्या ह्यांनी तर उठून देवापुढे साखर ठेवली, धाकट्या भावाची बायको घरी येतेय म्हणून. मी ताटावरून उठले. मंगळवार म्हणजे गणपतीचा आदला दिवस. बुधवारी तिथे मॉरिशसला तुझ्या वर्गातली चौदा पोरं मंडपात उभी राहून आपापल्या पणजोबांबद्दल चार-चार वाक्यं मराठीत बोलणार, स्वतः लिहिलेली. पाच महिने तू त्यांच्याकडून ते करून घेतलंस. एकेकाचं वाक्य मला फोनवर वाचून दाखवत होतीस, आणि तो कोण पोरगा ‘पणजोबा बोटीतून उतरले आणि रडले नाहीत’ असं लिहितो, त्याचं तर तीनदा वाचलंस. आणि त्या बुधवारी तू कुठे असणार? उधन्यात, गॅससमोर, माझ्यासाठी मुगाची खिचडी ढवळत. देवळामागची खोलीही सोडतेय म्हणून सांगितलंस म्हणे. कुणाला विचारून सांगितलंस?

तू गेलीस तेव्हाही मी रागावलेच होते, ते मी नाकारत नाही. तू शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी तुझ्या निवृत्तीचं वेळापत्रक करून ठेवलं होतं. हर्षलच्या जुळ्यांना सकाळी शाळेत सोडायचं काकूनं. ह्यांचं बीपी तपासायला न्यायचं काकूनं. दुपारी माझ्याबरोबर साड्यांचे धागे कापायला बसायचं, तेवढीच मला सोबत. फक्त तुला विचारायचं राहिलं होतं. आणि तू निरोपसमारंभाचं शाल-नारळ टेबलावर ठेवून म्हणालीस, मी मॉरिशसला राहायला जाते. जशी काही नवसारीला जातेस. टाळेबंदीत संगणकावर ज्यांच्या पोरांना बाराखडी शिकवलीस, ते कोण कुठले लोक, त्यांच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले देवळामागे एक खोली आहे, या. एवढ्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ही बाई निघाली. तिथं ना नातं ना गोतं, भाषा वेगळी, गावाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही. हे तेव्हा तोंड फिरवून म्हणाले होते, जाय, मंग परत येवानं नाव लेवू नको. मी तुझ्या बॅगेत कळण्याच्या पिठाची पिशवी कोंबली आणि भांडी घासायला बसले. इतकी भांडी त्या दिवशी नव्हतीच, घासलेलीच परत घासली.

पण माझा राग निवला, कारण मला सगळं आठवत होतं. रघुनाथभाऊजी गेले तेव्हा तू एकोणचाळीसची होतीस. तेरावं झालं आणि तू सोमवारी शाळेत हजर. मूलबाळ नाही, माहेरी कुणी नाही, तरी या घरात तुला कधी रिकामं बसलेलं मी पाहिलं नाही. मला पस्तिशीत दहावीला बसवलंस. घरातले हसत होते, आणि तू लुगड्याच्या पदराखाली भूगोल झाकून मला देत होतीस. आज हे चार शब्द धड लिहिता येतात ते तुझ्यामुळे, आणि म्हणूनच त्यांतून तुला शिव्या घालते आहे. आणि पुणं आठवतं का? वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी अख्ख्या जिल्ह्यातून दोघींची निवड, त्यात तू. नवव्या दिवशी इथून फोन गेला, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, ताबडतोब ये. तू आलीस, तर सासूबाई ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. पिशवी ठेवलीस आणि शेंगा सोलायला बसलीस. मी मात्र त्या दिवशी सगळ्या घराला ऐकवलं होतं. ह्यांना म्हटलं, तुम्हाला लाज नाही, आईला लाज नाही, पोरीचं आयुष्य म्हणजे काय तुमच्या दाराला बांधलेली गाय आहे? दोन दिवस चूल पेटवली नव्हती मी. पुण्याची जागा तुझ्या जागी दुसऱ्या बाईला गेली, आणि पुढे तीच तुझी मुख्याध्यापिका झाली.

मग तुझी शाळा. पंचेचाळीस पोरांचा वर्ग होता तुझा, शेवटी अकरा राहिली. खानदेशातून आलेल्या आपल्याच लोकांना आपली पोरं मराठी शाळेत नको झाली. मी कुणाला बोल लावू, माझीच नातवंडं आपसात गुजरातीत भांडतात आणि मला हिंदीत समजावतात. तू एकेका घरी जाऊन हात जोडायचीस, पोराचं नाव काढू नका म्हणून. लोक चहा पाजायचे आणि नाव काढायचे. आणि तिकडे समुद्रापलीकडे लोक तुला म्हणतात, आमच्या पोरांना शिकवा, आमच्या घरातून गेलेली मराठी परत आणून द्या. त्या पहिल्या महिन्यात तू फोनवर बोलत होतीस तेव्हा तुझा आवाज मला ओळखू येईना. एवढं भरभर तू कधी बोलतच नव्हतीस. मी मानसीला म्हटलंही, ही आपली जयश्री नव्हे, हिला कुणीतरी जेवायला घातलंय.

आता कानबाईच्या सणाचं सांगते. यंदा पलीकडच्या गल्लीतले सगळे भाऊबंद आपल्याच घरी आले होते. रोटाचे गहू काढायला मी बसले. आपली रीत तुला माहीतच आहे, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. ह्यांची घेतली, हर्षलची घेतली, नातवाची घेतली. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी आणखी एक सव्वा मूठ घेतली आणि मोठ्यानं म्हटलं, जयश्रीची. हे बाहेरून आत आले, बाईना नावनी मूठ ऱ्हास का कोठे? मी म्हटलं, बाईच्या नावाची मूठ का नसावी? एकोणीस वर्षं भाऊजींची मूठ कमी झालीय या परातीत, आणि घर कुणी चालवलं? बाईनंच ना? मग मूठ तिचीच. ते आले तसे बाहेर गेले. रोट हा देवीचा प्रसाद, घराबाहेरच्याला देता येत नाही, टाकता येत नाही, परदेशी तर पाठवताच येत नाही. तुझ्या वाटचा मी खाल्ला. पौर्णिमेपर्यंत रोज थोडा थोडा, वाळून कडक झाला तरी. सणाच्या दुसऱ्या दिवशी तापीवर कानबाई बोळवताना मी तिला सांगितलं, ही एक बाई आपल्या घरातून सुटलीय, हिच्याकडे लक्ष ठेव. आणि तू काय केलंस? परतीचं तिकीट काढलंस.

हर्षलनं तुला सांगितलं, मम्मी घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणात, मानसीची नोकरी, पप्पांना काही जमत नाही. ऐक. माझा खुबा शाबूत आहे. न्हाणीघरात पाय घसरला हे खरं, पण मोडलं ते डावं मनगट. कोपरापर्यंत प्लास्टर आहे, अजून महिनाभर राहील. मी चालते, फिरते, भाजीला जाते, भाजीवाल्याशी भांडते. आत्ता हे लिहितेय ते उजव्या हातानं, प्लास्टरनं कागद दाबून धरून. त्या प्लास्टरवर तुझ्या नातवानं मोर काढलाय, तो बदकासारखा दिसतो. मला संताप कशाचा आलाय ते समजून घे. तुला खुबा सांगितला आणि तू एक प्रश्न विचारला नाहीस. कोणत्या दवाखान्यात? ऑपरेशन कधी? रिपोर्ट दाखवा? अगं, बत्तीस वर्षं शाळेत पोरांना ‘का’ विचारायला शिकवणारी तू. पोटात दुखतं म्हणून सुट्टी मागणाऱ्या पोराला जीभ काढायला लावणारी तू. तुला मला व्हिडिओवर बघावंसंही वाटलं नाही? दोन तासांत तिकीट. एवढी सोपी आहेस तू? या घरातून कुणीही दोरी हलवायची आणि तू सगळं टाकून यायचं, हे आणखी किती वर्षं चालणार आहे? चौदा पोरांना काय सांगणार होतीस, माझ्या जावेचं हाड तुमच्या पणजोबांपेक्षा महत्त्वाचं आहे म्हणून? तो ‘रडले नाहीत’ लिहिणारा पोरगा, त्याचं वाक्य कोण ऐकणार बुधवारी? मला इतका राग आलाय तुझा की समोर असतीस तर याच प्लास्टरनं तुला एक ठेवून दिली असती.

आता जे सांगायला ही पानं फाडली ते सांगते. तो फोन हर्षलनं आपल्या मनानं केला नाही. मी करायला लावला. खुबा हा शब्द माझा. प्लास्टर घातल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मला परकराची नाडी बांधता येईना. मानसीला हाक मारली. तिनं तोंड फिरवून बांधून दिली, बिचारी लाजत होती, मीही लाजत होते. ती गेल्यावर मी पलंगावर बसून राहिले आणि तुझी फार आठवण आली. संध्याकाळी हर्षलला म्हटलं, काकूला फोन लाव. तो म्हणाला, सांगतो मनगट मोडलं म्हणून. मी म्हटलं, मनगटाला ती चौकशी करील, येणार नाही. खुबा सांग. पोराला ते पटलं नाही, पण मी आई आहे, त्यानं ऐकलं. म्हणजे या घरात मी ज्यांना लाज नाही म्हटलं होतं, त्यांच्याइतकंच मलाही जमतं. काल तिकिटाचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला आनंदच झाला, जयश्री. घास हातात होता, तो तोंडापर्यंत नेईपर्यंत आनंद होता. मग तो घास ताटात ठेवून मी उठले. आज सकाळी मी नाडीचं एक टोक दातांत धरून एका हातानं गाठ मारली. चार वेळा सुटली, पाचव्या वेळी बसली. तेव्हा तिकीट रद्द कर. त्या सेक्रेटरींना आजच्या आज सांग की खोली सोडत नाही. मला क्षमा करायची की नाही ते तू तुझ्या सवडीनं ठरव, पण ते तिथे बसून ठरव. मंगळवारी तू दारात उभी राहिलीस, तर मी तुला परत पाठवू शकणार नाही. एवढी मी चांगली नाही. म्हणून तू निघूच नकोस.

अजून रागातच, आणि तुझीच,
मंगला