आप्पांना तळ्याचं सांगायचं नाही

रवि. ११ फेब्रुवारी २००७, रीडिंग, इंग्लंड

ठरलं एकदाचं. ऑगस्टात ग्वाटेमाला, ४ ते २० तारीख. माद्रिदवरून, कारण अमेरिकेवरून गेलो तर नुसतं विमान बदलायलासुद्धा आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो. आतितलान नावाचं तळं, काठाला तीन ज्वालामुखी. सईनं शाळेत त्याचा प्रोजेक्ट केला तेव्हापासून ती मागे लागली होती. लायब्ररीतलं पुस्तक तिनं चार वेळा रिन्यू केलंय. दुपारी तळ्यावर जोराचा वारा सुटतो म्हणून बोटीत सकाळीच बसायचं, हे नऊ वर्षांच्या पोरीनं मला बजावून सांगितलं.

मी लगेच स्प्रेडशीट उघडली. ऑफिसात कुठल्या प्रोजेक्टला एवढा उत्साह दाखवला नसेल.

इथे येऊन सहा वर्षं झाली. सहाही ऑगस्ट साताऱ्याला, आई-आप्पांकडे गेले. रजा म्हणजे इंडिया, त्यात विचार करायचा असतो हेच कधी सुचलं नव्हतं. मंजिरी म्हणाली, "आप्पांना तू सांग. मला मध्ये घालू नकोस."

रवि. १८ फेब्रु.

रविवारचा फोन. आप्पांनी सुरुवातच केली, "वरच्या खोलीचं रंगकाम काढतोय, सईला कुठला हवा विचार." आणि मी बोलून गेलो, "आप्पा, या वर्षी रजेचं काही जमेलसं दिसत नाही. कामं फार आहेत."

वाक्य तोंडातून निघेपर्यंत मला खरंच खरं सांगायचं होतं. पण "आम्ही तुमच्याकडे न येता तळं बघायला चाललोय" हे साताऱ्याला कुठल्या भाषेत सांगायचं?

आप्पा म्हणाले, "बरं. नोकरी पहिली."

फोन ठेवल्यावर सईला म्हटलं, आप्पांना तळ्याचं सांगायचं नाही. "व्हाय?" त्यांना वाईट वाटेल म्हणून. तिनं मान डोलावली. सोपं गेलं.

रवि. ११ मार्च

काल आम्ही तिघांनी ट्रिपसाठी हिपॅटायटिसचं पहिलं इंजेक्शन घेतलं. सुईच्या नावानं घर डोक्यावर घेणारी सई, काल नुसते डोळे मिटून इंग्रजीत तळ्याचा जप करत, "लेक, लेक, लेक" पुटपुटत बसली.

आज फोनवर आई तिला म्हणाली, आवाज का गं बारीक? सई म्हणाली, "हात दुखतो, आजी. मी प्लेग्राउंडमधे पडला."

मी आणि मंजिरीनं एकमेकांकडे बघितलं. आम्ही काही शिकवलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, शाब्बास, हुशार आहेस.

रवि. १५ एप्रिल

आप्पा म्हणाले, "तुला रजा नाही ना? मग आम्हीच येतो."

सहा वर्षं मी पाया पडत होतो, या एकदा. थंडी, गुडघे, कुलूप लावून घर कसं सोडायचं, हजार कारणं. आता म्हणतात, पोरीला वर्षभर बघायचं नाही म्हणजे काय. एजंटाशी बोलूनही झालंय. २८ जुलैला निघणार, सप्टेंबरात परत.

मी म्हटलं, "वा! मस्तच की!"

मंजिरी किचनमधून बघत होती. आत्ता सांगून टाक, अशी खूण केली तिनं. मी पाठ फिरवली.

शनि. २१ एप्रिल

त्यांच्या व्हिसासाठी स्पॉन्सर लेटर लिहिलं. 'माझे आई-वडील या काळात आमच्यासोबत रीडिंगला राहतील.' खाली सही. बाजूच्या स्क्रीनवर बोटींचं टाइमटेबल उघडंच होतं.

अजूनही फोन करता येईल. आप्पा, थोडं पुढे ढकला, सप्टेंबरात या, आम्ही असं असं ठरवलंय. दोन मिनिटांचं काम. पण मग फेब्रुवारीतली कामं कुठे गेली, हे विचारतील. विचारणार नाहीत खरं तर. गप्प बसतील. ते मला जास्त जड जातं.

पत्र पोस्टात टाकलं.

मंगळ. ८ मे

सईला सांगितलं, आप्पा-आजी येतायत, या वर्षी तळं रद्द. रडेल वाटलं होतं. रडली नाही.

"आप्पा येतात बिकॉज तू खोटा सांगितला?"

तसं नाही गं बाळा.

"मग तू खरा सांग ना. मग ते नाही येणार."

मी म्हटलं, तुला आप्पा यायला नकोत का? फार वाईट केलं मी. प्रश्न माझा होता आणि तिच्या गळ्यात टाकला. ती बिचारी गडबडली, "हवेत, हवेत" म्हणाली आणि वर गेली.

पुस्तक तिनं लायब्ररीत परत केलं. ड्यू डेट अजून लांब होती.

रवि. २९ जुलै

आले. आईनं बॅगेतून अर्धा सातारा आणलाय. आप्पांना इथली नदी पसंत पडली. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस. सामान उघडायच्या आधी विचारलं, थेम्स किती लांब? लॉकवर, म्हणजे बोटी चढवायच्या-उतरवायच्या दरवाजांपाशी जाऊन पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचून आले आणि मग चहा घेतला.

"तुला रजा नव्हती ना?" त्यांनी विचारलं, मी सोमवारी घरीच आहे म्हटल्यावर. मी म्हणालो, तुम्ही येणार म्हणून कशीबशी मिळवली. "उगाच त्रास घेतलास," म्हणाले. पण चेहरा खुलला.

सई जवळच होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रवि. १२ ऑगस्ट

आज घात झाला. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून आप्पांशी गप्पा मारत होत्या. त्यांना मी मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, आम्ही नसू तेव्हा टोमॅटोंना पाणी घाला. त्या मोकळ्या मनानं म्हणाल्या, बरं झालं तुम्ही आलात, पण बिचारी सई, ग्वाटेमालाच्या तळ्याची किती वाट बघत होती!

आप्पांना इंग्रजी उत्तम समजतं. "येस, येस," म्हणाले. आत आले. जेवले, वरण छान झालंय म्हणाले.

मंगळ. १४ ऑगस्ट

दुपारी भाजी घेऊन आलो तर आप्पा सोफ्यावर, सई त्यांच्या पायाशी. मध्ये सईची ट्रिपची हिरवी फाइल. मला वाटलं होतं तिनं टाकून दिली. नकाशा, बोटींच्या वेळा, इंजेक्शनचं कार्डसुद्धा.

आप्पा विचारत होते, "नद्या येतात आत. मग बाहेर कुठून निघते नदी?"

"नाही निघत."

"असं कसं? पाणी जातं कुठे मग?"

"जमिनीच्या खालून. कोणाला दिसत नाही."

आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा नकाशा जवळ धरला. आयुष्यभर धरणांच्या पातळ्या मोजल्या त्यांनी. असं तळं त्यांना दाखवायचं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. स्प्रेडशीटमध्ये तीनच नावं होती. पाच करता आली असती की. फेब्रुवारीत, एका वाक्यात.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर लॉकपर्यंत गेलो. वाटेत आप्पा म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी काय, जाऊ नका म्हणालो असतो?"

म्हणाले नसते. किंवा म्हणालेही असते. मी विचारलंच कुठे?

"मला वाईट वाटलं असतं," म्हणाले. "चार दिवस. मोठा माणूस आहे मी, सोसलं असतं. पोरीला कशाला गुंतवलंस त्यात?"

पुढे पट्टीजवळ जाऊन वाकून पातळी बघत बसले. मी मागे उभा. सॉरी म्हणायचं होतं. म्हणालो, गार वारा सुटलाय, मफलर आणायला हवा होता.

रवि. १९ ऑगस्ट

साताऱ्याहून काकूचा फोन. आप्पा तिला सांगत होते, "अगं नाही, खरंच रजा नव्हती त्याला. आम्ही येणार म्हणून धडपड करून मिळवली."

शेजारीच सई सिरियल खात होती.

रवि. २ सप्टेंबर

हीथ्रोला सोडून आलो. आईनं रडून घेतलं. आप्पांनी सईला त्यांची जुनी मेजरिंग टेप दिली, खात्यातली, कातडी डबीतली. म्हणाले, जाशील तेव्हा काठावर माप घेऊन कळव मला. ती म्हणाली, "तुम्ही पण या." त्यांनी गुडघ्यावर हात आपटला आणि हसले. गेल्या वर्षी पायऱ्या चढत होते. या वेळी विमानतळावर व्हीलचेअर सांगावी लागली.

मला म्हणाले, "येतो." बस्स.

गुरु. २० सप्टें.

सईच्या टीचरनं थांबवून घेतलं. दोनदा होमवर्क आणलं नाही, कारण विचारलं तर आजोबा आजारी आहेत म्हणाली. आता कसे आहेत ते, असं टीचर काळजीनं विचारत होती.

मी म्हणालो, बरे आहेत आता.

गाडीत सईला रागवायला तोंड उघडलं. आरशात ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. मार्चमधला तो हात आठवला, तिच्या पाठीवर थाप मारणारा. गाडी सुरू केली.

रवि. १४ ऑक्टोबर

ऑफिसात पुढच्या वर्षीच्या रजा भरायच्या आहेत. मंजिरीला म्हटलं, ऑगस्टात तळ्याला जाऊ या, पाचही जणं. आप्पांना जमेल तेवढं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?" सईला म्हटलं तर ती "ओके" म्हणाली. पूर्वी कशी उडाली असती.

आजचा फोन तिनंच उचलला. शाळा, थंडी, आजीचं लोणचं. मग ती थांबली, रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"आप्पा विचारतात, पुढच्या ऑगस्टला साताऱ्याला येणार का." आणि मग, अगदी सहज, जेवायला वाढू का विचारावं तसं, "काय सांगू?"

"दे इकडे," म्हटलं. तिनं फोन दिला, पण गेली नाही. खुर्ची ओढून समोर बसली, माझ्या तोंडाकडे बघत.

"हॅलो, आप्पा," मी म्हणालो.