गजूच्या पानावर पथ्य

आषाढ शु. ३, शके १८५६. चौल.
अलिबागेस डॉक्टरकडे जाऊन आलो. काट्यावर उभं केलं. २२६ पौंड. डॉ. ने दोनदा वाकून आकडा बघितला, मग माझ्याकडे. अंगठ्याला करवंटी लागून दीड महिना झाला, जखम मिटत नाही. लघवी तपासली. मधुमेह.
म्हणाला, "भटजी, भात निम्म्यावर आणा, गोड साफ बंद. जखम सुकू लागली की रोज चालायचं. तीन महिन्यांत तीस पौंड उतरवा. नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही."
म्हटलं, "माझा धंदाच जेवणाचा आहे."
तो हसला. मी थट्टा केली नव्हती.

आषाढ शु. ४.
सौ. ला सगळं सांगितलं. रडली नाही. गुळाची ढेप उचलली नि शेजारी देऊन आली. दुपारी पानात नाचणीची भाकरी, पडवळाची भाजी, ताक. भात मुठीएवढा. दुसऱ्यांदा मागितला तर म्हणाली, "पाय हवा की भात?"
बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलं. रोगी ब्राह्मण श्राद्धाला बसवू नये असं शास्त्र आहे. कळलं तर पितृपक्षात एक घर बोलावणार नाही.

आषाढ शु. ११.
एकादशी. साबुदाणा नाही, रताळं नाही, खजूर नाही, डॉ. च्या यादीत सगळंच बंद. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा खरा उपास घडला. चिडचिड फार. सौ. वर विनाकारण ओरडलो.

आषाढ व. ६.
भूक म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. लहानपणी वडील पंक्तीत शेजारी बसवून घेत. पान स्वच्छ केलं की यजमान खूश, वडीलही खूश. बत्तीस लाडू खाल्ले त्याची गोष्ट अजून सांगतात लोक, मीही सांगतो. सांगत होतो.
हल्ली एक गोष्ट सौ. ने लावून दिलीय. घास चावून, संपवून, मग दुसरा. जेवण संपायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, अन्न निम्मं. आश्चर्य म्हणजे चालतं.

श्रावण शु. २.
२१४ पौंड. जखमेच्या कडा लाल, पण ओल कमी. डॉ. म्हणाला असंच चालू द्या. रेवदंड्याच्या बाजूला मैलभर चालून आलो. वाटेत वाडीतला धर्मा भेटला. "भटजी, सुकलाव की! बरं न्हाय काय?" म्हटलं, चातुर्मासाचं व्रत आहे. व्रत म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही.

श्रावण शु. १०.
सोमवारची दोन आमंत्रणं या व्रतावर निभावली. तिथे बोलता येतं, हसून नको म्हणता येतं. श्राद्धात मौन. व. ५ ला काशीकाकूंकडे त्यांच्या गजूचं श्राद्ध. त्याची काळजी वाटते.

श्रावण व. ५.
गजाननाचं सांवत्सरिक झालं. काकूंचा एकुलता एक, एकोणिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला, त्याला सात वर्षं झाली. पुतण्या दामू येऊन श्राद्ध करतो. त्याच्या जागी पानावर सातही वर्षं मीच.
काकू दाराआड बसून बघतात. दर वर्षी. तांदळाची खीर, घारगे, वडे, अळू; सगळं त्याच्या आवडीचं, सगळं मापाबाहेर. मी खीर एक पळी घेतली नि हात आडवा धरला. दामू पुन्हा घेऊन आला. पुन्हा हात. घारगा अर्धा. बोलता येत नाही. खीर पानात तशीच राहिली.
दामूने विचारलं, "तृप्ताः स्थ?"
मी म्हटलं, "तृप्ताः स्मः."
पोटात भूक होती. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेन, भुकेल्या पोटी आज पहिल्यांदा. घरी आलो तर श्राद्ध जेवलेल्याने त्या दिवशी पुन्हा जेवायचं नसतं. नुसतं बसून राहिलो.

श्रावण व. ९.
२१० च्या आत आलो असेन. अंगरखा लोंबतो. सौ. खुशीत, मी नाही.

भाद्रपद शु. २.
दामू वाटेत भेटला. म्हणाला, "काकू जेवत नाही हो. ताक नि मूठभर लाह्या. म्हणते गजू पानावरून उपाशी उठला, माझ्या हाताचं त्याला आवडेनासं झालं." मग चाचरत, "तुम्हाला काही... म्हणजे स्वयंपाकात काही होतं का?"
मी म्हटलं, नाही रे, माझं व्रत आहे.
"व्रत तुमचं ना?" म्हणाला नि गेला.

भाद्रपद शु. ७.
गणपतीत काकू दिसल्या. गालाची हाडं वर आलेली. मला बघून पदर पुढे ओढून वळल्या. बाई मरेल अशाने. दोघंही वाळतोय, माझं वाळणं औषध आणि तिचं...

भाद्रपद शु. १२.
१९९. डॉ. ने पाठ थोपटली. अंगठ्यावर कातडी धरतेय. "आता पंधरा दिवस गडबड करू नका. ही नवी कातडी आहे, रक्तातली साखर वाढली तर पुन्हा चिघळेल." मी मान डोलावली. पंधरा दिवसांत पितृपक्ष येतोय हे त्याला ठाऊक नाही.

भाद्रपद व. २.
न राहवून काकूंकडे गेलो. ओटीवरच बसलो. सगळं खरं सांगितलं. मधुमेह, अंगठा, सगळं. म्हटलं, गजूचा काही दोष नाही, तुमच्या हाताचा नाही, माझ्याच तोंडाला कुलूप.
काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग, "आजारी होतात, तर बसलात कशाला पानावर?"
घरं सुटतील म्हणून, हे कसं सांगणार.
मी म्हटलं, पितृपक्षातल्या पंचमीला गजूच्या पानावर दुसरा ब्राह्मण देतो. धडधाकट.
म्हणाल्या, "दुसऱ्याला काय ठाऊक गजू कसा जेवायचा. तुमच्यासारखाच जेवायचा, मान खाली घालून, खीर वाटीने नाही, पानात ओतून. सात वर्षं मी त्यालाच बघतेय." मग अगदी हळू, "आजारी तुम्ही आहात, भटजी. तो नाही."
उठताना त्यांनी खांब धरला. मनगट माझ्या अंगठ्याएवढं झालंय.

भाद्रपद व. ४.
सौ. शी दिवसभर वाद. "तिचा मुलगा गेलाय, माझा नवरा आहे अजून." बरोबर आहे तिचं. ती म्हणते, जाऊच नका, ताप आला म्हणून सांगा. म्हटलं, एक खोटं केलं त्याचं हे झालंय.
"मग एक पळी खीर. शपथ घ्या."
घेतली नाही.

भाद्रपद व. ५.
गेलो. अंगठ्याला स्वच्छ फडकं बांधून गेलो. शास्त्राला मी चालणार नव्हतो, काकूंना चालणार होतो.
जेवलो. खीर पानात ओतून घेतली, किती वेळा ते मोजलं नाही. घारगे संपवले, वडे संपवले. चावून खायची दोन महिन्यांची सवय, हात आपोआप थांबत होता, ढकलत राहिलो. पूर्वी हे सुख होतं. आज पाचव्या घारग्याला मळमळलं, तरी मान वर केली नाही. दाराआडून बांगड्या नसलेल्या हातांची नुसती हालचाल कळत होती.
"तृप्ताः स्थ?" "तृप्ताः स्मः." या वेळी खरं होतं.
हात धुताना आत बघितलं. काकू पान घेऊन बसल्या होत्या. भात-आमटी कालवून जेवत होत्या, भराभर, भुकेल्या माणसासारख्या. रडू आलं मला.
निघताना दारापर्यंत आल्या. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "अमावास्येला ह्यांचं पान आहे. ह्यांनाही खीर लागायची. याल ना?"
घरी आलो तर सौ. ने पाय शेकायला पाणी ठेवलेलं. किती खाल्लं विचारलं नाही. "काकू जेवल्या?"
"जेवल्या." मग अमावास्येचंही सांगितलं.
"आणि तुम्ही काय म्हणालात?"
ती तपेलं घेऊन तशीच उभी आहे. मी वही काढून लिहीत बसलोय.