मृणालीला मी धाडणार नाही

यावल,
१२ डिसेंबर २०२४

चि. युवराज यास आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तीनदा लिहायला बसलो, तिन्ही वेळा कागद फाडला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून गावातल्या हिलालजवळ हे देतो आहे. तो उद्याच्या एसटीने धुळ्याला येतोय. इकडे थंडी पडली आहे. केळीवर करपा आहे, पण फार नाही. माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस. सूनबाई सविताला आशीर्वाद.

रविवारी गाडी घेऊन येतो, मृणालीला पुन्हा शिरपूरच्या वसतिगृहात सोडतो, असं तू कळवलंस. तर ऐक. मी पोरीला धाडणार नाही. सातवीच शिकलो असेन, पण नाही म्हणता येतं मला.

वसतिगृहात तिच्या उशीखाली ते व्हेप का काय, तंबाखूच्या अर्काचं धुराचं पेन सापडलं तेव्हा तू म्हणालास, पोरगी वाया गेली. दिवाळीनंतर तिला इथे सोडलीस आणि उंबऱ्यातूनच परत फिरलास. मी तिला जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो, त्याला ही सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर लागते. कोवळ्या घडाला जरा घासलं तरी डाग पडतो, तसं मी समजून घेतलं. अभ्यासाला जागायचं म्हणून तिने मैत्रिणीकडचं ओढलं. मग झोपच उडाली. झोप नाही म्हणून मन उदास, आणि उदास म्हणून पुन्हा तेच. "बाबांना दोनदा सांगितलं होतं, मला तिथे बरं वाटत नाही," असं ती बाईंना म्हणाली. तू काय उत्तर दिलंस तेही तिने सांगितलं. ते मी लिहीत नाही. तुला आठवेल.

आता ज्याच्यासाठी कागद फाडले, ते.

डॉक्टरकडे मी आपण होऊन नेलं नाही. इथे आली त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून पोर थरथरत होती, भिंतीवर हात आपटत होती. शेजारची कमलबाई ओरडली, "आबा, पोरीले काय झालं?" मी घाबरलो रे. मला वाटलं, तंबाखूची तलफ आहे, तंबाखूनेच भागेल. माझ्या चंचीतली चिमूट काढली, चुना लावला, या हातांनी मळून तिला दिली. थोड्या वेळात ती भडाभडा ओकली आणि गरगरून पडली. तेव्हा गाडी केली.

बाई म्हणाल्या, "आबा, विहीर तीच ठेवली, नुसता पोहरा बदलला तुम्ही."

परत येताना मृणाली हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "तुमची तंबाखू म्हातारी म्हणून सोज्वळ, आणि माझी तरुण म्हणून बिघडलेली. असंच ना आबा?"

बावन्न वर्षं खाल्ली मी. तूही माझ्याच चंचीतून शिकलास, सविताला माहीत नसलं तरी.

चंची चुलीत घातली. आम्ही दोघं मिळून सोडतोय. ती माझ्यावर खेकसते, मी तिच्यावर. नियम तिनेच केला: तलफ आली की दुसऱ्याला सांगायचं, लपवायचं नाही. मागच्या बुधवारी ती घसरली. कुठून तरी आणून ओढलं. पण संध्याकाळच्या आत माझ्यासमोर येऊन रडत सांगितलं. वसतिगृहात कोणाला सांगेल? आणि परवा सकाळी सात वाजता तिला हाका मारून उठवावं लागलं. उठवावं लागलं, युवराज! महिनाभर तिचे डोळे पहाटेपासून उघडेच असायचे.

अकरावीचं वर्ष गेलं तर जाऊ दे. रविवारी आलास तर चहा मिळेल, पोरगी मिळणार नाही. दारात मीच बसलेला असेन. गावाला नावं ठेवायची तर मला ठेवू दे. नातीच्या तोंडात तंबाखू घातली ती मी.

पण त्याआधी तिला दोन ओळी लिही. मला नको, तिला. परीक्षेचं काढू नकोस, शपथा घालू नकोस. बरी आहेस का, एवढंच विचार. हिलाल शनिवारी परत फिरेल, त्याच्याजवळ दे. तिसऱ्यांदा ती तुला आपण होऊन काही सांगणार नाही. लवकर कळव रे.

तुझा बाप,
आधार