शेरवानीचे तिसरे बटण

लोहारा, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, संध्याकाळ.

श्रीमन्महोदरेश्वर, अर्जभाषांतरधुरंधर, शेंगदाणाकुलविध्वंसक अस्मादिक आज कचेरीत अपमानित जाहले. सक्तीच्या शेरवानीचे तिसरे बटण लागेना. तहसीलदारसाहेबांनी बजावले, उद्या बटण लावून या, अन्यथा येऊच नका.

दिवसभर लोकांची मराठी दुःखे उर्दूत उतरवतो. तिसऱ्या प्रहरी बुद्धी म्लान होते आणि हस्त आपोआप खिशातल्या शेंगदाण्यांकडे वळतो. क्षुधा नसतेच. मग काय असते? जागेवरून उठण्यास परवानगी लागते, चावण्यास लागत नाही, एवढेच असावे.

कुटुंब म्हणाले, “कट्टाळा आला की खाता तुमी. नोकरी सोडा, न्हाय तर शेंगदाणे.”

दोहोंपैकी एकही सुटत नाही. तूर्त ते तिसरे बटण दोन बोटे सरकवावे म्हटले, तर घरातल्या एकुलत्या सुईचे नेढे तुटलेले.