दलदल आटवू नये म्हणून

मी, जेनेरोझा क्यारीसीमा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती व चटया विणणे, राहणार न्याकागेरा, कबाले जिल्हा, युगांडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मला भ्रम झाल्याचे माझा मुलगा टिंड्येब्वा गावभर सांगत फिरतो. ते साफ खोटे आहे. माझे डोके त्याच्यापेक्षा ठिकाणावर आहे.

१. राहते घर, केळीची बाग व ज्वारीचे शेत टिंड्येब्वाला द्यावे. छप्पर गळते. ते त्याने दुरुस्त करावे, माझ्या नावाने बोंबलू नये.

२. विणायचे दाभण, मडकी आणि बकरी मुलगी कोबुसिंग्ये हिला.

३. घराखालची दलदल मी चटया विकून घेतली. आसपासच्या दलदली आटवून लोकांनी बटाटे लावले. तुरेवाल्या क्रौंचांच्या सात जोड्या होत्या, आता एकच उरली, ती माझ्याकडे घरटे करते. सकाळी ती दोघे समोरासमोर नाचू लागली की मलाही नाचावेसे वाटते. टिंड्येब्वाने त्यांचे एक पिल्लू उचलून शहरातल्या हॉटेलवाल्याला दिले. त्याचे छाटलेले पंख मी या डोळ्यांनी पाहिले. आता टिंड्येब्वाला चर खणून दलदलीतले पाणीच काढायचे आहे. म्हणतो, "आई, पाखरांनी पोट भरतं का?"

"अरे मेल्या, तुझं पोट याच दलदलीतल्या लव्हाळ्याच्या चटयांवर भरलंय!"

दलदल कोबुसिंग्येला द्यावी. मुलीला जमीन दिली म्हणून दीर नाक मुरडतील. खुशाल मुरडावे.

४. मुलगी भिडस्त आहे. भाऊ तिला दोन दिवसांत गप्प बसवील, हे मी जाणते. म्हणून मला बागेत नवऱ्याशेजारी पुरू नये. दोन टेकड्यांमधल्या ज्या एकाच चिंचोळ्या वाटेने दलदलीचे पाणी बाहेर पडते, तिथल्या उंचवट्यावर पुरावे. चर खणायचा तर तिथूनच खणावा लागतो.

हे लिहून घेणारे चर्चमधले गुरुजी बोनिफास म्हणाले, "आजी, नवऱ्याला सोडून तिथे एकटीच? लोक काय म्हणतील?"

"लिहा हो तुम्ही. चाळीस वर्षं शेजारी झोपले, पुरे झालं."

आईच्या थडग्याला कुदळ लावणाऱ्याला आमच्याकडे कोणी पाणी विचारत नाही. टिंड्येब्वा, दलदल आटवायची आहे ना? मग आधी मला उकरून काढ.

वरील मजकूर दोनदा वाचून घेतला, एक शब्दही बदलू दिला नाही.

सही: जेनेरोझा क्यारीसीमा
साक्षीदार: १. बोनिफास बागाम्बाकी, गुरुजी
२. एवासी तुमुहेकी, शेजारीण
ठिकाण: न्याकागेरा. दिनांक: ४ मार्च २०१९