काळ्या खडकाजवळचा थांबा

ता. ४
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
आमची बिनमाणसांची गस्तीची बोट कालपासून तुमच्या बाजूच्या पाण्यात फिरते आहे. खडकांतून वाट कशी काढायची, हे ती तुमच्याकडूनच शिकली. सुकाणूपाशी मी लावलेली पेटी आठवते ना, जिच्यावर तुम्ही जेवणाचा डबा ठेवायचात? तिच्यात मासेमारीच्या तुमच्या सहा महिन्यांच्या फेऱ्यांची नोंद होती. साहेबांनी विचारलं, असा गुरू कुठे मिळाला? मी मान ताठ करून सांगितलं, घरी. यापुढे गस्तीवर कोणाचा मुलगा बुडणार नाही, याचा मला फार आनंद आहे.
आईला नमस्कार. लोभ आहेच, तो चार ओळींत कळवत जा.
आपली,
पदवीधर कन्या

ता. ११
चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.
तुझी बोट पाहिली. तुझा काका बुडाला त्या काळ्या खडकाजवळ मी रोज इंजिन बंद करून जरा वेळ थांबतो, हे तुला ठाऊक आहे. सोमवारी थांबलो, तर ती मागून आली आणि तिनेही इंजिन बंद केलं. आत कोणी नाही. आम्ही शेजारी शेजारी डुलत राहिलो. मी निघालो तेव्हाच ती निघाली. जाळ्यात काही आलं नाही, अंगावर काटा मात्र भरपूर आला. आई म्हणते, हे तिला कोणी शिकवलं ते पोरीला विचारा.
वेळेवर जेवत जा, माया असू दे.
तुझा,
बाबा

ता. १६
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
चूक माझी. तुम्ही रोज थांबायचात, म्हणून यंत्राने तो थांबाही वाटेचाच भाग धरला. मी तो आधीच काढायला हवा होता. काल साहेबांसमोर बसून पुसून टाकला. पण खरी काळजी पुढेच आहे. वीस तारखेला बोटीवर बंदूक बसेल, आणि खडकाजवळ इंजिन बंद करून उभी असलेली नाव ती शत्रूची समजेल. तुमच्यापुरती सूट मागितली. साहेब म्हणाले, यंत्राला बाप कळत नाही. बाबा, पाया पडते, तिथे थांबू नका. काकांची माफी मी मागते.
रागावलात तरी लोभ कमी करू नका.
आपली,
मुलगी

ता. २२
चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं ऐकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा न थांबता खडकाजवळून पुढे गेलो. थोडं अंतर गेल्यावर राहवलं नाही, मागे वळून पाहिलं. ती इंजिन बंद करून खडकापाशी उभी होती. बंदुकीचं तोंड खाली, पाण्याकडे.
तू पुसलं म्हणतेस, तर पुसलंच असशील. साहेबांना काही कळवू नकोस. आपल्यापैकी कोणीतरी तिथे थांबायला हवं.
तुझा,
बाबा